थंडा, कोल्ड्रिंक, सोडा की बोतल : तुमच्याकडे काय म्हणतात?

राजवाडाकर, इंदूर

उन्हाळा सुरू झालाय म्हणून हा चर्चेचा धागा.

इंदूरच्या मराठी घरात पाहुणा चपला काढतोय तोवरच आतून हाक येते, "चहा घेणार की थंडा?" या थंड्यात नेमकं काय मिळेल ते आधी सांगता येत नाही. बाटलीतलं कोल्ड्रिंक असेल, कोकम सरबत असेल, रूह अफझा असेल, फ्रिज रिकामा असला तर लिंबूपाणी असेल. चहा सोडून जे जे देता येतं ते सगळं थंडा.

हाच थंडा दुकानात गेला की आकसतो. रामबागेत कोपऱ्यावर जाऊन "भिया, एक थंडा देना" म्हणा. दुकानदार सरबत काढत नाही, "कौन सा?" एवढंच विचारतो आणि फ्रिजचं दार उघडतो. म्हणजे घरात थंडा ही अख्खी जमात आणि दुकानात फक्त गॅसची बाटली. इंदूरच्या माणसाला यात काही खटकत नाही.

पुण्याला चुलत बहिणीच्या सासरी गेलो होतो. "काय घेणार?" "थंडा चालेल." त्या माउलीनं माठातलं पाणी आणून ठेवलं, वर वाळ्याचा सुगंध. पाणी उत्तम होतं, तक्रार नाही.

माझं म्हणणं असं की या शब्दांचा बाटलीत काय आहे याच्याशी फारसा संबंध नसतो. कोण विचारतंय, कुठे विचारतंय आणि नाही म्हटलं तर दुसरं काय मिळणार आहे, यावर शब्द ठरतो.

तर सांगा, साखर, रंग आणि गॅस घातलेल्या पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात? माहेरी-सासरी वेगळं असेल तर दोन्ही लिहा. थम्सअप चांगलं की कोक यावर इथे भांडू नये. त्यासाठी जुना धागा आहे, तो अजून विझलेला नाही.

कृष्णाकाठ, इंदूर (माहेर कोल्हापूर)

अहो दादा, हा धागा माझ्यासाठीच काढलात का?

कोल्हापुरात कोल्ड्रिंक म्हणजे दूध. हसू नका. आटवलेलं दूध, त्यात सुकामेवा, जेली, फळांचे तुकडे, वर आइस्क्रीम, आणि पेल्यात चमचा उभा. पूर्ण नाव "दूध कोल्ड्रिंक", पण दुकानात बसून नुसतं "दोन कोल्ड्रिंक" सांगितलं तरी तेच येतं. पाट्यांवरसुद्धा कोल्ड्रिंक हाउस. रात्री जेवणं उरकली की अख्खं घर कोल्ड्रिंकला निघतं. गॅसच्या बाटलीला आजोबा "सोडा-लेमन" म्हणायचे, आम्ही मुलं सरळ नावानं मागायचो. थम्सअप, गोल्ड स्पॉट, लिम्का. तिला वेगळा जातिवाचक शब्द लागतो असं कधी वाटलंच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दिरांनी विचारलं, "वहिनी, कोल्ड्रिंक आणू?" मी खुशीत हो म्हटलं आणि चमचे काढून ठेवले. भाऊजी लिम्का घेऊन आले. चमचे कशाला ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढची गंमत ऐका. त्याच महिन्यात छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, नेलं आणि म्हणाले, इथली शिकंजी पिऊन बघ. मला वाटलं लिंबू-मीठ. हातात आलं ते दूध! घट्ट, केशरी, सुकामेवा घातलेलं.

लष्करवाली, ग्वाल्हेर

शिकंजी दुधाची? हे इंदूरचे लोक काहीही करतात.

आमच्या ग्वाल्हेरला शिकंजी म्हणजे लिंबू, काळं मीठ, भाजलेलं जिरं, बर्फ, आणि ठेलेवाला खुशीत असला तर वरून पुदिना. दिल्लीपासून इथपर्यंत सगळीकडे तेच. मोदीनगरला तर तिच्या मसाल्याचं नाव आहे. पाण्याऐवजी सोडा घातला की "सोडा शिकंजी", दोन रुपये जास्त. महाराज बाड्याच्या चौकात उन्हात उभं राहून पिण्याची ती चीज. दूध प्यायचं असेल तर घरी प्यावं, झोपताना.

आता मूळ प्रश्न. आमच्या घरात गॅसच्या थंड्याला "बोतल" म्हणत. मराठीत बोलतानाही बोतलच. "पाहुण्यांसाठी बोतल आणून ठेव." पुण्याची मावशी आली की आई घाईघाईनं "बाटली" असं सुधारून म्हणायची, आणि मावशीचा चेहरा आणखीच बघण्यासारखा व्हायचा. मराठीत बाटली म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, आणि ती लिम्का नसते!

गोटीच्या सोड्याला दिल्लीकडे बंटा म्हणतात, बंटा म्हणजे गोटीच. आमच्याकडे "गोली वाली बोतल" म्हणायचे. घरी मराठीत "गोटी सोडा".

राजवाडाकर

लष्करवाली ताई, इंदूरवर रागावू नका. शिकंजी हा शब्द मूळचा फारसी सिकंजबीनचा. सिरका आणि अंगबीन, म्हणजे व्हिनेगर आणि मध. त्या हिशोबानं तुमच्या लिंबाच्या शिकंजीतही ना सिरका ना मध. तुम्ही आंबटपणा ठेवलात आणि मध सोडलात. आम्ही दूध आटवलं, केशर-जायफळ-वेलची घातली, वर सुकामेवा टाकला आणि आंबटाची किंचित छटा ठेवली. दोघंही मूळ घर सोडून बरेच लांब आलोय.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गुलाबजाम, जलेबी, तळलेला गराडू कंद झाल्यावर वर हीच शिकंजी पिणारे लोक आहेत. त्यांच्या पचनशक्तीवर कोणीतरी धागा काढा.

निमूटवाचक

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). चालू द्या.

दांडियाबाजार, बडोदा

बडोद्याहून नमस्कार. एकदम सरस धागा.

पाहुण्याला विचारताना आमच्याकडेही तेच दोन पर्याय असतात, फक्त गुजरातीत, "चा के ठंडु?" घरातल्या मराठीत ते "चहा की थंड?" होतं. "थंडा" आम्ही म्हणत नाही, तो तुमच्याकडचा हिंदी आकार. पण जागा तीच, तेव्हा राजवाडाकरांचा मुद्दा बराबर आहे.

बडोद्याचा खरा शब्द मात्र "सोडा". आणि इथे तो चक्क घरगुती शब्द आहे. रात्री साडेनऊला आई, आजी, मुलं, शेजारच्या काकू, सगळे स्कूटरवर बसून "सोडा प्यायला" जातात. जीरा मसाला, लिंबू, कच्ची कैरी, काला खट्टा, फुदिना. यंत्राची तोटी, खाली पेला, वर फेस. दोन मिनिटं उभं राहायचं, एक ढेकर द्यायची, घरी यायचं. सेव-उसळ खाल्ली असेल तर ढेकर दोन.

ही सवय घेऊन मी नोकरीला नाशिकला गेलो. भाड्यानं खोली घेतली होती. पहिल्याच आठवड्यात रात्री दहाला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हटलं, "काका, सोडा मिळेल का?" काकांनी प्लेन सोड्याच्या दोन बाटल्या काढल्या, न विचारता शेंगदाण्याची पुडी ठेवली आणि आवाज खाली करून म्हणाले, "ग्लास पाहिजेत?" दुसऱ्या दिवशी घरमालकांच्या बोलण्यात जरा कोरडेपणा आला.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949चा. 1960 साली दोन राज्यं झाली, महाराष्ट्रानं पुढे ती बंदी सैल केली, गुजरातेत ती राहिली. त्यामुळे आमचा सोडा एकटाच वाढला, त्याला कोणाची सोबत नव्हती. तुमच्याकडचा सोडा कायम कुणाच्या तरी जोडीनं दिसतो, म्हणून बदनाम. निदान माझं तरी असं मत आहे.

अवांतर: सोसियो कोणी प्यायलंय का? सुरतच्या हजूरींचं, 1923 पासूनचं. बाटलीवर आता सोस्यो लिहितात, पण जुनी माणसं सोसियोच म्हणतात. सफरचंद आणि द्राक्षाच्या वासाचं काहीतरी. गुजरातच्या बाहेरच्यांना पहिल्या घोटाला औषध वाटतं.

चाळकरी, मुंबई

दांडियाबाजार, शेंगदाण्याच्या पुडीबद्दल नाशिकच्या त्या काकांचा मी सत्कार करीन.

मुंबईचं सांगतो. आमच्या गिरगावात लहानपणी तीन थर होते. गाडीवरचा गोटी सोडा, तो मोठ्यांचा, पोट बिघडलं की. इराण्याकडचं "रासबेरी", ते लग्नामुंजीचं किंवा बक्षिसाचं. आणि मँगोला. मँगोलात गॅस नाही, पण बाटली तशीच असल्यामुळे आमच्या हिशोबानं तेही कोल्ड्रिंक. रासबेरी बनवणारे सगळे पारशी. पालनजी 1865 पासून, ड्यूक 1889 पासून. पुण्यात कँपात अर्देशीर, 1884. पारशी लग्नाचं भोणं, म्हणजे जेवण, आणि रासबेरी सोडा ही जोडी अजून आहे.

"आइस्क्रीम सोडा" मागवून त्यात आइस्क्रीम शोधत बसलेला मुलगा प्रत्येक चाळीत एक असायचाच. नुसता व्हॅनिलाचा वास असतो हो त्यात.

सोडावॉटरची बाटली हा शब्द मात्र माझ्या आजोबांच्या तोंडी पेयाच्या संदर्भात क्वचितच यायचा. दंगल झाली की यायचा. "त्या दिवशी सोडावॉटरच्या बाटल्या चालल्या" म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. गोटीची जाड बाटली हलवून फेकली की फुटायची. दुसरा उपयोग जाड भिंगाच्या चष्म्याला नाव ठेवायला.

शुद्धलेखक, पुणे

मराठीत "शीतपेय" हा निर्दोष शब्द उपलब्ध असताना ही सगळी चर्चा कशासाठी, हे कळले नाही. तसेच "सोडा" हा शब्द या पेयांना लावणेच मुळात चूक. सोडा म्हणजे सोडियमचा क्षार. बाटलीत असतो तो कार्बन डायऑक्साइड. जोसेफ प्रीस्टलीने 1767 साली लीड्सच्या मद्यनिर्मितीगृहात आंबणाऱ्या पिंपावरचा वायू पाण्यात मिसळला, त्यात सोडा नव्हता. पुढे काही उत्पादक औषधी गुणासाठी खरोखर सोड्याचा क्षार घालू लागले, त्यावरून हे नाव पडले आणि क्षार गेला तरी राहिले.

आणि हो, वर कोणी "ढेकर दोन" लिहिले आहे. ढेकर पुल्लिंगी आहे. एक ढेकर दिला, दिली नव्हे.

दांडियाबाजार

शुद्धलेखक काका, बडोद्यात ती स्त्रीलिंगीच येते. जीरा सोडा पिऊन बघा, तुमचीही येईल.

कृष्णाकाठ

😂

शीतपेय हा शब्द मी फक्त लग्नपत्रिकेच्या खालच्या ओळीत आणि रेल्वे स्टेशनवरच्या पाटीवर वाचलाय. "जा रे बाळा, दोन शीतपेयं घेऊन ये" असं म्हणणारी आई अजून भेटायचीय.

लिंगाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडे "ते कोल्ड्रिंक", "ते थम्सअप". इंदूरला सासरी "ती कोल्ड्रिंक". "कोल्ड्रिंक संपली." हिंदीत ती पी ली जाते ना, तिथून आलंय. नवरा तर "थंडी थम्सअप" म्हणतो. सासूबाई "सोडा पिला" म्हणतात. मी पहिली काही वर्षं मनातल्या मनात "प्यायला, प्यायला" करत होते. आता माझ्याही तोंडात पिला बसलंय. माहेरी फोनवर निघून गेलं तर बहीण लगेच पकडते.

छप्पनचा_छोकरा, इंदूर

मला एक समजत नाही, तुम्ही सगळे थंडा हा जुना शब्द असल्यासारखं बोलून राहिलात. तो तर जाहिरातीतून आला ना? "ठंडा मतलब कोका-कोला". आमिर खानवाली. मी शाळेत होतो तेव्हा सगळीकडे तेच चालायचं.

लष्करवाली

बाळा, उलट आहे. ती जाहिरात 2002-03च्या सुमाराची, लिहिली प्रसून जोशींनी. आमच्या आईची बोतल आणि तिच्या भावाचा थंडा त्याच्या कितीतरी आधीचा. उत्तरेत दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला शेटजी "ठंडा मँगवाऊँ?" असं विचारायचे. साडीच्या दुकानात तर हमखास. बिल मोठं होणार असं दिसलं की ठंडा, लहान असलं की पाणी.

जाहिरातवाल्यांनी तो तयार शब्द उचलला. त्यांचा डाव नीट बघ. ठंडा म्हणजे लस्सी, सरबत, शिकंजी, काहीही. ते म्हणाले, आजपासून याचा अर्थ एकच, आमची बाटली. शब्द त्यांनी बनवला नाही. बनलेल्या शब्दावर नुसती स्वतःची पाटी लावली. आणि त्याच दिवसांत दोनशे मिलीची बाटली पाच रुपयांना आली, म्हणून गावोगाव पोचली.

राजवाडाकर

आणि तरी तो डाव अर्धाच साधला. दुकानात थंडा म्हणजे बाटली झाली, पण आमच्या घरातल्या थंड्यात अजून कोकमाचं सरबत बसतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मात्र थंडा हा शब्द कोणी काढत नाही. त्या दिवशी पन्हं हे पन्हंच असतं, डाळीबरोबर. हिंदी शेजारणीसुद्धा त्या दिवसापुरतं पना न म्हणता पन्हं म्हणतात, कारण आमचं गोड, वेलची घातलेलं, आणि त्यांचं पुदिना-जिऱ्याचं तिखट.

छोकरे, शाळेत असताना कँटीनमध्ये काय मागायचास ते सांग.

छप्पनचा_छोकरा

"छोटा". बस. "दो छोटा देना." ब्रँड नंतर.

आता तर "कॅन" किंवा "ढाई सौ वाली". माझे मित्र थंडा म्हणतच नाहीत, सरळ नाव घेतात. "एक स्प्राइट, एक स्टिंग." कॅम्पा परत आलाय, तो बाबांसाठी घेतो. ते घोट घेऊन दर वेळी "पहलेवाली बात नहीं" म्हणतात आणि बाटली संपवतात.

संत्रानगरी, नागपूर

नागपुरात थंडाच. "थंडा पिऊन राहिलो." पुण्या-मुंबईची मंडळी याला हिंदीचं आक्रमण वगैरे म्हणतात. अहो, 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आमच्याकडे पाहुणी म्हणून आलेली नाही, ती भाडेकरू होती आणि आम्हीही तिच्याकडे भाडेकरू होतो.

खेड्यात मात्र "कोल्ड्रिंग". शेवटी ग. माझ्या मामांच्या दुकानाच्या पाटीवर तसंच रंगवलेलं आहे आणि कोणी दुरुस्त करायला सांगितलं तर मामा चिडतात. लग्नात वाढप्यांची भाषा आणखी सोपी : "काळं घेता का पांढरं?" नारिंगी असलं तर "लाल". कंपन्यांनी जाहिरातींवर केवढा खर्च केला असेल, आणि पंक्तीत त्याचं काळं-पांढरं झालं.

वाळवंटी_मराठी, जळगाव

"पेप्सी" कोणी सांगितलं नाही अजून?

आमच्या लहानपणी पेप्सी म्हणजे प्लास्टिकच्या लांब नळीतला रंगीत बर्फ. टोक दातानं फाडायचं आणि चोखायचं. पेप्सीकोलाही म्हणायचे. त्यात गॅस नाही, कोला नाही, कंपनीचा काही संबंध नाही. खरी पेप्सी 1990 साली आली तेव्हा बाटलीवर लेहर पेप्सी असं लिहिलेलं असायचं. पुढे कधीतरी मामानं ती पाजली. मला वाटलं, ही वितळलेली आहे.

चाळकरी

हे मुंबईतही! शाळेबाहेर पेप्सीकोला, लाल, पिवळा आणि काळा खट्टा. आणि मधल्या काळात "डबल सेव्हन" होतं ते आठवतं का कोणाला? 1977 साली कोका-कोला देश सोडून गेलं. भांडवलातला परदेशी वाटा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता, ते त्यांनी मानलं नाही. मग जनता सरकारनं स्वतःचं कोला काढलं. कृती म्हैसूरच्या सरकारी अन्न-संशोधन संस्थेची, आणि बनवत होते मॉडर्न ब्रेडवाले. नावात वर्ष, 77. आमच्या वडिलांच्या मते त्याची चव सरकारी होती. थम्सअपही त्याच वर्षीचं, ते मात्र टिकलं, आणि 1993 मध्ये परत आलेल्या कोका-कोलानंच ते विकत घेतलं.

शुद्धलेखक

चर्चा भरकटत आहे. तरी गोटीच्या बाटलीविषयी एक भर. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली तिला अंतिम रूप दिले. बाटली उलटी धरून भरतात. सरळ केली की आतला वायू गोटीला वर ढकलतो आणि ती रबरी कड्यात घट्ट बसते. म्हणजे बूच आतून लागते, आणि जितका वायू जास्त तितके ते पक्के. मानेला दिलेल्या चिमट्यात गोटी अडकते, म्हणून ओतताना तोंडाशी येत नाही. इंग्लंडातून ती केव्हाच गेली. भारतात आणि जपानात उरली. जपानी लोक त्या पेयाला रामुने म्हणतात, हा लेमोनेडचा अपभ्रंश. आपल्याकडचे "लेमन" त्याचेच भावंड.

कृष्णाकाठ

काका, हे सुंदर सांगितलंत. मनापासून. गोटी तोंडाशी का येत नाही हा प्रश्न मला लहानपणापासून होता.

मिशिगनवाली, मूळची इंदूर

भारतात नाही म्हणून दोन दिवस उशिरा आले. इथेही हेच भांडण आहे, फक्त नकाशासकट. मिशिगनमध्ये आणि एकूण मध्य-पश्चिमेत "पॉप". न्यूयॉर्ककडे आणि कॅलिफोर्नियात "सोडा". दक्षिणेत, जिथे 1886 साली अटलांटात कोका-कोला जन्मलं, तिथे बरेच लोक सगळ्यालाच "कोक" म्हणतात. वेटर विचारते, "कोक हवंय? कुठलं?" आणि माणूस म्हणतो, "स्प्राइट." राजवाडाकर, तुमच्या रामबागेतल्या "कौन सा?"चा हा थेट चुलतभाऊ आहे.

मजा म्हणजे सेंट लुइस शहर चारी बाजूंनी पॉपवाल्यांनी वेढलेलं असून सोडाच म्हणतं. बॉस्टनची जुनी माणसं "टॉनिक" म्हणायची. पॉप हा शब्द बूच उडतानाच्या आवाजावरून आला. 1812 सालच्या एका इंग्रजी पत्रात तसं लिहिलेलं आहे.

माझी मुलं मात्र दोन शब्द वापरतात. शाळेत पॉप, आजीशी व्हिडिओ कॉलवर थंडा. परवा लेकानं आजीला सांगितलं, "मी थंडा पिला." पुण्याच्या जावेनं ते ऐकलं. पुढचं सांगत नाही.

चेन्नैत_मुक्काम

तमिळनाडूत जुना शब्द "कलर". सोडा म्हणजे साधा, गोड आणि रंगीत असला की कलर. मुलगी बघायला आलेल्यांना सोडा-कलर देण्याची पद्धत होती असं ऑफिसातल्या काकू सांगतात. आता "कूल ड्रिंक्स". आंध्र, तेलंगणातही कूल ड्रिंकच. दक्षिणेत कोल्डचं कूल होतं. दक्षिण आफ्रिकेतही कूलड्रिंकच म्हणतात. यात आपल्या मंडळींचा हात आहे म्हणून मी छाती काढणार होतो, पण तिथल्या आफ्रिकान्स भाषेत कूल्ड्रांक असा सख्खा शब्दच आहे. छाती परत आत घेतली.

इथलं बोवोंटो जरूर प्या. विरुदुनगरच्या काळी मार्क कंपनीचं. द्राक्षाचा रंग. दांडियाबाजार, तुमच्या सोसियोचा दक्षिणेतला भाऊ.

राजवाडाकर

मिशिगनवाली ताई, "कुठलं?" वाचून मजा आली.

शुद्धलेखकांना एवढंच म्हणायचंय की शीतपेय हा शब्द वाईट नाही, पण त्यानं कोणाला काही विचारता येत नाही. "चहा घेणार की शीतपेय?" म्हटलं तर पाहुणा घड्याळ बघेल. बोलीतला शब्द टिकतो तो अशा एखाद्या प्रश्नात बसला तरच. इंदूर, बडोदा आणि नागपूर इथे तो पाहुणचाराच्या प्रश्नात बसलाय. कोल्हापुरात दुकानाच्या पाटीवर बसला, म्हणून तिथे दूधही कोल्ड्रिंक झालं. पुण्यात तो कुठेच नीट बसलेला नाही, आणि पुणेकर "काय घेणार?" एवढंच विचारून थांबतात, याचा आणि त्याचा संबंध असावा असा मला दाट संशय आहे.

शुद्धलेखक

पुणेकर निदान विचारतात. आणि ढेकर पुल्लिंगीच.

लष्करवाली

दांडियाबाजार, ते सगळं राहू दे. तो जीरा सोडा घरी कसा करायचा ते सांग. इथे बाटलीतला मिळतो तो फार गोड लागतो.

दांडियाबाजार

ताई, सोपं आहे. जिरं काळपट होईपर्यंत कोरडं भाजायचं, करपवायचं नाही. गार झाल्यावर त्यात संचळ, थोडी मिरी, चिमूटभर सुंठ घालून बारीक पूड करायची. संचळ म्हणजे काळं मीठ. शुद्धलेखक काकांना पादेलोण म्हटलेलं आवडेल. पेल्यात एक चमचा ही पूड, अर्धं लिंबू, दोन चमचे पिठीसाखर, चमचाभर पाणी, आणि सगळं नीट विरघळवायचं. मग बर्फ. सोडा सगळ्यात शेवटी, पेला तिरका धरून कडेनं सोडायचा, आणि चमच्यानं ढवळायचं नाही.

पूड वरून भुरभुरवलीत तर अर्धा पेला ओट्यावर येईल. कोरड्या मिठाच्या कणांवर गॅसचे बुडबुडे एकदम जमतात आणि सगळं उसळतं. दुकानवाले मुद्दाम तसं करतात, गिऱ्हाइकाला फेस आवडतो म्हणून. घरी ओटा पुसायला दुसरं कोणी असेल तर तसं करायला हरकत नाही.

लष्करवाली

सोडा बाटलीतला साधा चालेल ना? दुकानात मागताना काय म्हणू म्हणजे शेंगदाणे मिळणार नाहीत?

दांडियाबाजार

मुलांना बरोबर घेऊन जा. आणि लिंबू आधी दाखवा.